पुढाऱ्याचें विद्यार्थीपण

पुढारी कसा निर्माण होतो, असा प्रश्न केला तर बहुधा दोन उत्तरें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, तो जन्मावाच लागतो. कोणी म्हणतात, प्रसंग त्याला घडवितो. दोन्ही उत्तरांत एक समजूत मात्र सारखीच दडलेली आहे. ती अशी कीं, मनुष्य एकदां पुढारी झाला म्हणजे झाला. गळ्यांत हार पडला, खुर्ची मिळाली, नांवामागें उपपद लागलें, कीं त्याची घडण संपली. यापुढें त्यानें इतरांना घडवावयाचें. सभांतून, संस्थांतून, शाळांतून आणि कुटुंबांतूनहि या समजुतीचीं फळें पाहावयास मिळतात. चाळिशींत ज्यांची वाढ थांबली असे कर्ते पुरुष साठीपर्यंत त्याच भांडवलावर व्यवहार करीत राहतात. आणि भांडवल संपलें आहे हें त्यांच्याखेरीज इतर सर्वांना कळतें.

याच्या उलट दुसरें मत असें कीं, लोक ज्या दिवशीं एखाद्याला पुढारी म्हणूं लागतात त्या दिवशीं त्याचें खरें शिक्षण सुरू होतें, आणि तें थांबलें कीं नेतृत्वहि थांबतें. मग खुर्ची कायम राहो वा न राहो. या मताची पारख करावयाची तर नुसत्या तत्त्वचर्चेनें भागणार नाहीं. एखादें चरित्र घेऊन त्यांतील वर्षें एकापुढें एक मांडून पाहिलीं पाहिजेत. गोपाळ कृष्ण गोखले यांचें चरित्र या कामीं विशेष उपयोगी आहे. तें लहान आहे; ९ मे १८६६ रोजीं सुरू होऊन १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, पन्नाशी गांठण्यापूर्वीं, तें संपलें. शिवाय त्याच्या मध्यावर एक असा प्रसंग आहे कीं, तेथें दुसऱ्या एखाद्याचें सार्वजनिक आयुष्य कायमचें मिटलें असतें.

गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवचा. वडील कागल संस्थानांत नोकरीस होते. १८७९ सालीं ते वारले, तेव्हां गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून नोकरी धरली आणि तुटपुंज्या पगारांतून धाकट्या भावास शिकविलें. हें ऋण घेऊन १८८४ सालीं गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर झाले. कुटुंबाची अपेक्षा उघड होती. पदवीधराला त्या काळीं चांगल्या नोकऱ्या सहज मिळत. परंतु १८८५ सालीं ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले आणि पुढें डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन अल्प वेतनावर वीस वर्षें काम करण्यास त्यांनीं स्वतःस बांधून घेतलें. घरच्यांच्या त्यागाची फेड पैशानें न करतां कामानें करावयाची, असा हा निश्चय होता. आणि तो घरच्यांना सोपा गेला असेल असें मानण्याचें कारण नाहीं.

फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं काय शिकविलें, याची यादीच बोलकी आहे. गणित, इंग्रजी वाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र! जो विषय शिकविण्यास माणूस नसे तो गोखल्यांकडे येई; त्यामुळें 'मागणीप्रमाणें प्राध्यापक' अशी त्यांची थट्टाहि होत असे. ते त्या विषयांतील जन्मजात पंडित नव्हते. आदल्या रात्रीं स्वतः शिकावें आणि दुसऱ्या दिवशीं शिकवावें, हा त्यांचा क्रम. गणित शिकवितां शिकवितां त्यांनीं अंकगणिताचें जें पुस्तक केलें तें पुढें शाळांतून दूरवर चाललें. जो मनुष्य दर दोन वर्षांनीं नव्या विषयाचा प्रारंभिक विद्यार्थी होण्यास लाजत नाहीं, त्याला एक गोष्ट अनायासें साधते. आपल्याला येत नाहीं हें कबूल करण्याची त्याची जीभ जड राहत नाहीं.

या विद्यार्थ्याला गुरु लाभले ते न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे. १८८७ च्या सुमारास एकवीस वर्षांच्या गोखल्यांकडे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें काम आलें आणि रानड्यांच्या देखरेखीखालीं त्यांची खरी उमेदवारी सुरू झाली. सरकारी अहवाल, जमाखर्चाचे तक्ते, जमीनमहसुलाचे कागद वाचावयाचे. त्यांवरून टिपण करावयाचें. तें रानड्यांना दाखवावयाचें. तें दुरुस्त होऊन आलें कीं पुन्हां लिहावयाचें. सरकारकडे पाठवावयाच्या अर्जांवर एवढी मेहनत घेतली जाई आणि सरकारचें उत्तर बहुधा दोन ओळींचें येई. तेव्हां या श्रमांचा उपयोग काय, असें तरुण शिष्यास वाटणें स्वाभाविक होतें. रानड्यांनीं त्यांस समजाविलें कीं, हे अर्ज नांवाला सरकारला लिहिलेले असतात. वस्तुतः ते लोकांसाठीं असतात. या विषयांचा विचार कसा करावा हें लोकांनीं त्यांवरून शिकावयाचें आहे. आणि असलें राजकारण या देशांत अगदीं नवें असल्यामुळें पुष्कळ वर्षें फळाची अपेक्षा धरूं नये. ही शिकवण गोखल्यांना ऐकतांक्षणीं पटली असेल. परंतु पटणें वेगळें आणि अंगीं मुरणें वेगळें. ती मुरावयास दहा वर्षें लागलीं, आणि त्यासाठीं फार मोठी किंमत द्यावी लागली.

१८९७ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं गोखले इंग्लंडास गेले. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रह्मण्य अय्यर हे इतर साक्षीदार त्यांच्यापेक्षां वयानें व अनुभवानें वडील होते. गोखले अवघे तीस वर्षांचे. पण एप्रिल महिन्यांत त्यांची उलटतपासणी झाली तेव्हां आंकड्यांवरील त्यांचें प्रभुत्व सर्वांच्या नजरेंत भरलें. साक्षीच्या तयारींत रानड्यांचा हात होता. तसाच गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकी पेशांतील अर्थशास्त्रज्ञाचाहि होता. पुण्याचा हा तरुण प्राध्यापक एका आठवड्यांत दोन्ही देशांतील जाणत्या मंडळींत ओळखला जाऊं लागला. लौकिक अर्थानें तो पुढारी झाला, तो येथें.

आणि येथेंच संकट उभें राहिलें. त्याच वर्षाच्या आरंभीं पुण्यांत प्लेगनें कहर मांडला होता. रोग्यांचा शोध घेण्यासाठीं सरकारनें गोऱ्या सैनिकांची योजना केली. त्यांनीं घरांत शिरावें, स्वयंपाकघर व देवघर यांचाहि मुलाहिजा ठेवूं नये, सामान बाहेर काढून जाळावें, अशा तक्रारींनीं शहर गजबजलें होतें. स्नेह्यांचीं पत्रें लंडनास गोखल्यांकडे जात. त्यांतील कांहीं पत्रांत सैनिकांनीं दोन स्त्रियांची अब्रू घेतल्याची आणि त्यांपैकीं एकीनें जीव दिल्याची हकीकत होती. गोखल्यांचें मन पेटलें. पत्रें लिहिणारे विश्वासू होते. त्यांच्यावर भरंवसा ठेवून गोखल्यांनीं ही हकीकत 'मँचेस्टर गार्डियन' पत्राच्या प्रतिनिधीस सांगितली आणि ती प्रसिद्ध झाली. इकडे २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. वातावरण स्फोटक होतें. मुंबई सरकारनें आरोप साफ नाकारला आणि पुराव्याची मागणी झाली.

जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईच्या बंदरांत उतरले तेव्हां लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि नातू बंधूंनाहि सरकारनें चौकशीवांचून अडकवून ठेविलें होतें. जहाजावर पोलिस अधिकारी चौकशीस आले. ज्यांच्यावर संकट ओढवलें असतें त्या स्नेह्यांचीं पत्रें गोखल्यांनीं आधींच नष्ट केलीं होतीं. आतां त्यांनीं स्वतः शोध केला. ज्यांनीं लिहिलें होतें त्यांपैकीं कोणालाहि तो विशिष्ट आरोप शाबीत करतां येईना. ऐकीव गोष्टीवर ऐकीव गोष्ट रचली गेली होती. रानड्यांचा सल्ला घेऊन गोखल्यांनीं ऑगस्टच्या आरंभीं वृत्तपत्रांतून आरोप मागें घेतला आणि गव्हर्नर, प्लेग कमिटी व सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली.

या माफीविषयीं तेव्हांहि दोन मतें होतीं आणि आजहि आहेत. पुष्कळांस वाटलें कीं, गोखल्यांनीं जरुरीपेक्षां फार जास्त वांकून दाखविलें. सैनिकांच्या जाचाच्या सर्वसाधारण तक्रारींत तथ्य होतें. तेव्हां एक आरोप शाबीत होत नाहीं एवढें म्हणून थांबावयास हवें होतें. ज्या सैनिकांच्या नांवानें शहर रडत होतें त्यांचींच स्तुतिस्तोत्रें गावयाचीं काय? या आक्षेपाला वजन आहे. दुसरी बाजू अशी कीं, आरोप अत्यंत गंभीर होता, तो परक्या देशांत, परक्या लोकांसमोर केला गेला होता, आणि तो करणाऱ्याजवळ पुरावा नव्हता. नांवें सांगितलीं असतीं तर जबाबदारी वांटली गेली असती. गोखल्यांनीं नांवें दाबून ठेवलीं आणि सारें ओझें एकट्याच्या डोक्यावर घेतलें. माफीचे शब्द कमी असावयास हवे होते कीं नाहीं, यावर वाद होऊं शकेल. पण स्वतःची कातडी बचावण्याचा तो मार्ग नव्हता, हें निश्चित.

परिणाम मात्र दारुण झाला. इंग्लंडांत मिळविलेली कीर्ति तीन महिन्यांत धुळीस मिळाली. सरकारी गोटांत ते खोटें बोलणारे ठरले, आणि आपल्या लोकांत भित्रे ठरले. त्या वर्षाच्या डिसेंबरांत अमरावतीस काँग्रेस भरली, तेव्हां मंडपांत त्यांच्याविरुद्ध नाराजीच होती. गोखल्यांचा स्वभाव मूळचाच फार हळवा. एक टोंचक वाक्य त्यांच्या मनांत महिनेन् महिने सलत राही. अशा वेळीं मनुष्यापुढें सामान्यतः दोन वाटा असतात. एक, रुसून घरीं बसणें. दुसरी, पूर्वींपेक्षां मोठ्यानें ओरडून आपला कडवेपणा सिद्ध करणें. दोन्ही वाटांनीं मनुष्य जेथें असतो तेथेंच राहतो. गोखल्यांनीं तिसरी वाट धरली. पुण्यांत प्लेग पुन्हां उसळला तेव्हां ते स्वयंसेवक होऊन शहरांत काम करूं लागले. ज्या विषयावर त्यांनीं दुरून, पत्रांच्या आधारें, बोलण्याची चूक केली होती, तोच विषय त्यांनीं आतां घरोघर जाऊन, डोळ्यांनीं पाहून समजून घेतला.

त्यांच्या कागदांत ५ फेब्रुवारी १८९८ ही तारीख घातलेलें एक टिपण आहे. माफीच्या घटनेस जेमतेम सहा महिने झाले होते. श्रीगुरु दत्तात्रेयाचें स्मरण करून त्यांत त्यांनीं आपले संकल्प मांडले आहेत. योगाभ्यास नियमानें करावयाचा. प्राचीन व अर्वाचीन इतिहास, तत्त्वज्ञान, खगोल, भूगर्भशास्त्र, मानसशास्त्र यांचें ज्ञान मिळवावयाचें. फ्रेंच भाषा शिकावयाची. मुंबईच्या कायदेकौन्सिलांत जावयाचें, वरिष्ठ कौन्सिलांत जावयाचें, इतकेंच नव्हे तर ब्रिटिश पार्लमेंटांतहि जावयाचें. टीकाकारास या यादींत महत्त्वाकांक्षा दिसेल, आणि ती आहेच. पण क्रम पाहण्यासारखा आहे. पदें शेवटीं आहेत. अभ्यास आधीं आहे. आणि त्याच्याहि आधीं स्वतःच्या मनाची शिस्त आहे. ज्याचें नांव सर्वत्र निंदिलें जात होतें त्या एकतीस वर्षांच्या माणसानें आपल्या निंदकांना उत्तर लिहिलें नाहीं. स्वतःसाठीं अभ्यासक्रम लिहिला. यादी सगळी पुरी झाली नाहीं. पार्लमेंटांत ते कधीं गेले नाहींत. तरी १८९९ च्या अखेरीस ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले आणि १९०२ सालीं फेरोजशहा मेथांच्या जागीं वरिष्ठ कौन्सिलांत.

२६ मार्च १९०२ रोजीं अंदाजपत्रकावर त्यांचें पहिलें भाषण झालें. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानीं. सरकारी तिजोरींत शिल्लक पडत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. गोखल्यांनीं त्या शिलकीचा उगम शोधून काढला. रुपयाचा भाव उतरत होता त्या काळांत सरकारनें तोटा भरून काढण्यासाठीं कर वाढविले. पुढें १८९३ सालीं टांकसाळी खासगी नाण्यांना बंद करून रुपयाचा भाव कृत्रिम रीतीनें चढविण्यांत आला; तोटा नाहींसा झाला; कर मात्र तसेच राहिले. तेव्हां शिल्लक म्हणजे लोकांची संपत्ति नव्हे. लोकांकडून जरुरीपेक्षां जास्त घेतलेला पैसा. आणि तोहि दोन मोठ्या दुष्काळांनीं पिळून निघालेल्या लोकांकडून. मिठावरील कर त्यांत सर्वांत कठोर, कारण तो गरिबाच्या ताटांतून वसूल होई. या सबंध भाषणांत एकहि विधान असें नव्हतें कीं, ज्याचा आधार सरकारच्या स्वतःच्या पुस्तकांत सांपडत नव्हता. १८९७ चा धडा अंगीं मुरला होता, याचा हा पुरावा. मिठाचा कर तेव्हां मणास अडीच रुपये होता. गोखले व इतर लोकपक्षीय सभासद वर्षानुवर्षें टोंचणी लावीत राहिले; १९०३ सालीं तो दोन रुपये, १९०५ सालीं दीड रुपया आणि १९०७ सालीं एक रुपया झाला.

त्या भाषणाच्या तयारीसाठींहि त्यांनीं गणेश व्यंकटेश जोशी यांचें साहाय्य मागितलें होतें. ही गोष्ट लहान दिसते, पण नेतृत्वाच्या विचारांत तिचें महत्त्व फार आहे. साम्राज्याच्या कौन्सिलांतील सभासद आणि जिल्ह्याच्या गांवचा शिक्षक, यांत मान कोणाला मिळणार हें ठरलेलेंच होतें. पण ज्ञान कोणाजवळ जास्त आहे, हा प्रश्न मानानें सुटत नाहीं. मोठें पद मिळाल्यावर ज्याला आपल्याहून जाणत्या माणसाकडे जाण्याचा संकोच वाटूं लागतो, त्याच्याभोंवतीं हळूहळू फक्त होकार देणारे उरतात.

गोखल्यांच्या नेतृत्वाला मर्यादा होत्या, आणि त्या लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यांची वाणी मुख्यतः इंग्रजी. त्यांचें रणांगण कौन्सिलचा दिवाणखाना. मंडईंतील, गिरणींतील, शेतांतील मनुष्याच्या अंतःकरणाला हात घालण्याची टिळकांची शक्ति त्यांच्यापाशीं नव्हती. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवरचा त्यांचा विश्वास वारंवार फसला. १९०७ सालीं सुरतेस काँग्रेस दुभंगली त्या कटुतेंतून तेहि अलिप्त राहिले नाहींत. परंतु आपल्या शक्तीची मर्यादा ज्याला दिसते तो पुढारी एकच शहाणपणाची गोष्ट करूं शकतो: आपल्यापेक्षां वेगळीं कामें करणारीं माणसें तयार करणें. १२ जून १९०५ रोजीं गोखल्यांनीं पुण्यास सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजेच भारत सेवक समाज, स्थापन केला, तो याच जाणिवेंतून.

या संस्थेची घटना वाचतांना लक्षांत येतें कीं, ती एका परीनें रानड्यांच्या खोलींतील उमेदवारीचीच नियमांत बांधलेली प्रत आहे. नव्या सभासदानें सात शपथा घ्यावयाच्या: देशाचें हित मनांत सर्वांत वर ठेवावयाचें, स्वतःसाठीं पैसा मिळविण्यांत शक्ति खर्च करावयाची नाहीं, जातिधर्माचा भेद न करतां सर्व हिंदी लोकांस बंधु मानावयाचें, कोणाशीं वैयक्तिक भांडण करावयाचें नाहीं, इत्यादि. आणि मग पांच वर्षें उमेदवारी करावयाची. अभ्यास करावयाचा, देश हिंडून पाहावयाचा. वक्तृत्वाची घाई असलेल्या तरुणाला पांच वर्षें म्हणजे शिक्षाच! पण या शिस्तींतून निघालेलीं माणसें गोखल्यांच्या छापाचीं बाहुलीं झालीं नाहींत. गोपाळ कृष्ण देवधर रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याच्या सेवासदनाच्या आणि पुढें सहकारी चळवळीच्या कामांत रमले; नारायण मल्हार जोशी मुंबईच्या कामगारांत गेले आणि १९२० सालीं देशांतील पहिली अखिल भारतीय कामगार काँग्रेस उभारण्यांत अग्रभागीं राहिले; ठक्करबाप्पा भिल्लांच्या व हरिजनांच्या सेवेंत बुडून गेले. गिरणींतला व रानांतला जो मनुष्य गोखल्यांच्या आवाक्याबाहेर राहिला, त्याच्यापर्यंत त्यांनीं तयार केलेलीं माणसें पोंचलीं.

१९१० सालीं गोखल्यांनीं प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न हातीं घेतला. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं वरिष्ठ कौन्सिलांत बिल मांडलें. मागणी फार बेताची होती. ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांना आपल्या हद्दींत सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठीं शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा असावी. सरकारनें खर्चाचा वांटा उचलावा. बडोद्यास सयाजीरावांनीं हा प्रयोग १८९३ सालींच अमरेली भागांत सुरू करून १९०६ सालीं सर्व राज्यांत लागू केला होता. तेव्हां ही कल्पना हिंदुस्थानांत अशक्य, असें म्हणण्यास जागा नव्हती. तरीहि १९ मार्च १९१२ रोजीं तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं बिल फेटाळलें गेलें. निकाल काय लागणार, हें गोखल्यांना आधींच ठाऊक होतें आणि त्यांनीं तसें बोलूनहि दाखविलें. आपल्या पिढीच्या वांट्यास यश नाहीं, आपण आपल्या अपयशांनींच देशाची सेवा करावयाची आहे, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पंचवीस वर्षांपूर्वीं रानड्यांनीं सांगितलेली गोष्ट आतां शिष्याच्या तोंडून स्वानुभवाची होऊन बाहेर पडत होती. त्या अपयशाचें पुढें काय झालें? १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांनीं मुंबई इलाख्यांत नगरपालिकांपुरता तसा कायदा करून घेतला. आणि स्वतंत्र भारतांत २००२ ची घटनादुरुस्ति व २००९ चा कायदा यांनीं सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींना शिक्षणाचा हक्क दिला. बिल पडल्यापासून कायदा होईपर्यंत सत्त्याण्णव वर्षें गेलीं.

त्याच १९१२ सालच्या ऑक्टोबरांत, प्रकृति ढांसळलेली असतां, गोखले दक्षिण आफ्रिकेंत गेले. गांधी त्यांना राजकारणांतील गुरु मानीत. पण त्या प्रवासांत गुरूलाहि कांहीं शिकावें लागलें. तेथील हिंदी लोकांच्या सभांत गोखले इंग्रजींतून बोलावे, हें गांधींना रुचेना. त्यांनीं सुचविलें कीं, आपण मराठींत बोला, मी त्याचें हिंदुस्थानींत भाषांतर करीन. श्रोत्यांत कोंकणी मुसलमान व इतर महाराष्ट्रीय मंडळीहि होती. गोखल्यांना हंसूं आलें. गांधींचें मराठी कितपत असणार, याची त्यांना शंका होती. तरी त्यांनीं तें मानलें, आणि त्यानंतर आपल्या लोकांसमोरील सभांत, परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत, ते मराठींतच बोलले. ज्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाची कर्झनसारख्यांवरहि छाप पडली होती, त्यांनीं सेहेचाळिसाव्या वर्षीं आपल्या अनुयायाच्या सांगण्यावरून भाषणाची भाषा बदलली.

नेटाळांतील मुदत संपलेल्या हिंदी मजुरांवर तीन पौंडांचा जो कर होता तो रद्द होईल, असें जनरल बोथा व स्मट्स यांच्या भेटीनंतर गोखल्यांना वाटलें. गांधींना तितका भरंवसा नव्हता. गांधींचाच अंदाज खरा ठरला. वचन दिलेंच नव्हतें असें सांगण्यांत आलें, आणि १९१३ सालीं मजुरांसह मोठा सत्याग्रह उभा राहिला. त्या वेळीं आजारी गोखल्यांनीं आपला पूर्वींचा अंदाज सोडून देऊन सत्याग्रहासाठीं देशभर पैसा जमविला आणि अँड्र्यूज व पिअर्सन यांना तिकडे पाठविलें. अर्ज व भाषणें यांवर ज्यांचें सारें आयुष्य उभें होतें त्यांनीं तुरुंगांत जाणाऱ्या मजुरांचा कैवार घेतला. १९१४ सालीं तो कर रद्द झाला.

या चरित्राचीं वर्षें अशीं एकापुढें एक मांडलीं म्हणजे दिसतें कीं, त्यांत पुढारी होण्याचा असा एक दिवस दाखवितां येत नाहीं. १८९७ च्या एप्रिलांत गोखले पुढारी झाले म्हणावे, तर ऑगस्टांत ते राहिले नाहींत. १९०२ सालीं झाले म्हणावे, तर १९१२ सालीं त्यांना पुन्हां शिकावें लागलें. हें केवळ देशाच्या पुढाऱ्यांपुरतें खरें नाहीं. शाळेचा मुख्याध्यापक, सहकारी पेढीचा अध्यक्ष, कचेरींतील वरिष्ठ, घरांतील वडील माणूस, यांपैकीं प्रत्येकाच्या हातीं कोणाचें तरी नेतृत्व असतें. त्यानें वर्षाकाठीं स्वतःस तीन प्रश्न विचारून पाहावे. या वर्षीं आपण नवें काय शिकलों? आपली कोणती चूक आपण चार लोकांत कबूल केली? आणि आपल्यापेक्षां लहान असलेल्या कोणाचें म्हणणें आपण ऐकून घेऊन त्याप्रमाणें वागलों? तिन्ही प्रश्नांना उत्तर नसेल, तर अधिकार शिल्लक असेल, पण वाढ थांबली आहे असें समजावें.

१९१५ च्या जानेवारींत गांधी स्वदेशीं परत आले. गोखल्यांनीं त्यांना एक वर्षभर सार्वजनिक प्रश्नांवर न बोलतां देश हिंडून पाहण्याचा सल्ला दिला. दक्षिण आफ्रिकेंतील विजयाची कीर्ति घेऊन आलेल्या माणसाला त्यांनीं पुन्हां विद्यार्थी होण्यास सांगितलें. फेब्रुवारींत पुण्यास समाजाच्या आवारांत गांधींसाठीं लहानसा स्नेहमेळावा झाला. गोखल्यांची प्रकृति अगदीं क्षीण होती, तरी ते तेथपर्यंत आले आणि तेथें त्यांना घेरी आली. कांहीं दिवसांतच, १९ फेब्रुवारी रोजीं, त्यांनीं देह ठेवला. ज्यांच्याशीं त्यांचा वीस वर्षें मतभेद चालला होता त्या लोकमान्य टिळकांनीं स्मशानांत त्यांच्या कार्याचा गौरव केला आणि तरुणांना त्यांचें अनुकरण करण्यास सांगितलें. गांधींनीं तो सल्ला पाळला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून देश पाहत ते वर्षभर हिंडले आणि पुढें १९१७ सालीं चंपारण्यांत गेले, तेव्हां आरोप करण्यापूर्वीं त्यांनीं हजारों शेतकऱ्यांच्या जबान्या एकेक करून लिहून घेतल्या.